बिकिनी एरियातले आत वळलेले केस: घरी काय करायचं आणि पुन्हा होऊ नयेत म्हणून काय टाळायचं

रेझर किंवा वॅक्स केल्यावर काही दिवसांनी जांघेत लाल पुळ्या येतात, खाज सुटते, एखादी पुळी दुखायला लागते आणि नीट पाहिलं तर आत काळा ठिपका किंवा गुंडाळलेला केस दिसतो. घरात याला केसतोड म्हणतात, पार्लरमध्ये इनग्रोन हेअर. जागा अशी की कोणाला दाखवायचा संकोच वाटतो. मग नखानं, चिमट्यानं, घरात सापडेल त्या मलमानं प्रयोग सुरू होतात, आणि बहुतेक नुकसान या प्रयोगांनीच होतं. अडकलेला केस सहसा आपोआप सुटतो. त्याला वेळ आणि ऊब द्यायची आणि त्या जागेचं घर्षण थांबवायचं, एवढंच आपलं काम.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्यांचा क्रम पटेल. या भागातला केस जाड आणि कुरळा असतो, आणि त्वचेतल्या ज्या बारीक नळीतून तो उगवतो तीही थोडी वाकडी असते. रेझरनं कापलेल्या केसाचं टोक तिरकं आणि अणकुचीदार होतं. तो वाढता वाढता वळतो आणि शेजारच्या त्वचेत पुन्हा घुसतो. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. दोन-तीन पात्यांच्या रेझरमध्ये पुढचं पातं केस वर ओढतं आणि मागचं पातं तो कापतं. उरलेला तुकडा त्वचेच्या पातळीखाली मागे सरकतो आणि वाढताना बाहेर येण्याऐवजी नळीच्या भिंतीतच शिरतो. वॅक्स करताना केस मुळापासून न निघता मधेच तुटला तरी हेच घडतं. आत शिरलेला केस शरीराला परका वाटतो, म्हणून सूज येते. सुरुवातीच्या पुळीत जंतू असतातच असं नाही. ते बहुतेक वेळा नंतर, खाजवल्यामुळे किंवा पिळल्यामुळे आत जातात.

१. आधी खात्री करा: हा केसच आहे ना?

आत वळलेल्या केसाची पुळी साधारण २ ते ५ मिलिमीटरची असते. केस काढल्यानंतर काही दिवसांनी ती येते, जिथून केस काढले तिथेच येते, आणि मधोमध केसाचा ठिपका किंवा रेघ दिसते. चांगल्या उजेडात, हातआरसा घेऊन बघा. खाली दिलेल्यांपैकी काही दिसलं तर घरचे उपाय सुरूच करू नका, डॉक्टरांकडे जा.

- पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा झुपका, आग होणं, नंतर फोड फुटून कच्ची जखम. हे नागिणीच्या जातीच्या विषाणूचं, म्हणजे हर्पिसचं लक्षण असू शकतं.
- मोत्यासारख्या चकचकीत पुळ्या आणि प्रत्येकीच्या मध्यभागी खळगा. हा मोलस्कम नावाचा विषाणूसंसर्ग असू शकतो. रेझर फिरवला की तो आणखी पसरतो.
- कडा उठलेलं, खाजणारं, हळूहळू मोठं होत जाणारं गोल चट्टं. हा बहुतेक वेळा नायटा असतो.
- योनीमुखाच्या अगदी लगत, एकाच बाजूला, खोल आणि दुखरी गाठ. तिथल्या ग्रंथीचं तोंड बंद झाल्यानं ती होते. केसाशी तिचा संबंध नसतो.
- जांघेत, काखेत किंवा स्तनांखाली त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा येणारी गळवं, एकमेकांना चिकटून असलेले काळे ठिपके, पू वाहणारी छिद्रं.

शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्या. हायड्राडेनायटिस सपुरेटिव्हा असं या आजाराचं नाव आहे, आणि केसतोड समजून अनेक बायका तो वर्षानुवर्षं अंगावर काढतात. अस्वच्छतेमुळे हा आजार होत नाही आणि तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही. लवकर उपचार सुरू झाले तर त्वचेखाली होणारे बोगदे आणि व्रण बरेचसे टाळता येतात. केस न काढताही अशी गळवं येत असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

२. सामान जमवून ठेवा

यादी लहान आहे, आणि बहुतेक वस्तू घरात किंवा मेडिकलच्या दुकानात मिळतात.

- मऊ सुती कापडाचे तीन-चार चौकोनी तुकडे. जुन्या सुती साडीचे किंवा पंच्याचे चालतात. प्रत्येक वापरानंतर गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे.
- बिनवासाचा सौम्य साबण किंवा बॉडीवॉश.
- सीलबंद, निर्जंतुक इंजेक्शनची सुई, २४ किंवा २६ नंबरची.
- हातआरसा आणि टॉर्च.
- साधी पेट्रोलियम जेली.
- २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडची जेल. पू धरलेल्या पुळ्यांपुरतीच.
- सॅलिसिलिक अॅसिड १ ते २ टक्के किंवा लॅक्टिक अॅसिड असलेलं लोशन. हे उपचारासाठी नाही, पुढे पुळ्या येऊ नयेत म्हणून.

शिवणाची सुई काडीपेटीवर तापवून वापरण्याची पद्धत सोडून द्या. तिच्यावर काजळी बसते, टोक जाड असतं आणि ती खरोखर निर्जंतुक झाली की नाही हे कळत नाही. सीलबंद सुई अगदी थोड्या पैशांत मिळते.

३. केस काढणं थांबवा आणि शेक द्या

पुळी असलेल्या जागी रेझर, वॅक्स, क्रीम, चिमटा सगळं बंद. किती दिवस? शेवटची पुळी पूर्ण बसेपर्यंत, आणि वारंवार त्रास होत असेल तर निदान चार आठवडे. यामागे साधं कारण आहे. अडकलेला केस साधारण १ सेंटिमीटर लांब झाला की त्याच्याच ताणानं आत गेलेलं टोक बाहेर सुटतं. मधेच पुन्हा रेझर फिरवला तर हा हिशोब पहिल्यापासून सुरू होतो.

शेक असा द्या:

1. हात साबणानं धुवा.
2. मनगटाच्या आतल्या बाजूला सोसवेल इतकं गरम पाणी घ्या. या भागाची त्वचा पातळ असते, ती लवकर भाजते.
3. कापड बुडवून पिळा आणि पुळीवर १० ते १५ मिनिटं नुसतं ठेवा. थंड झालं की पुन्हा बुडवा.
4. शेवटच्या मिनिटाला त्याच कापडानं, अजिबात जोर न देता, गोलाकार पुसा. वरची मृत त्वचा सुटते.
5. टिपून कोरडं करा. घासू नका.

दिवसातून तीन ते चार वेळा. नोकरी करणाऱ्यांना दुपारचा शेक जमत नाही. सकाळी अंघोळीच्या वेळी आणि रात्री, असा दोनदा दिला तरी फरक पडतो. तव्यावर तापवलेलं फडकं किंवा गरम पाण्याची पिशवी थेट लावू नका. खाज असह्य झाली तर शेकाऐवजी गार पाण्याची पट्टी पाच मिनिटं ठेवा. खाजवलेल्या पुळीचा डाग महिनोन् महिने राहतो.

बहुतेक साध्या पुळ्या एक ते दोन आठवड्यांत बसतात. तोपर्यंत सैल सुती कपडे घाला. घट्ट जीन्स, जेगिंग, लेस असलेली किंवा कडेला जाड इलॅस्टिक असलेली पँटी बाजूला ठेवा. पाळी सुरू असेल तर पॅडच्या पंखांची कड नेमकी त्याच रेषेवर घासते, म्हणून त्या दिवसांत शक्य असल्यास सुती पॅड, टॅम्पॉन किंवा कप वापरा.

४. केस वर दिसायला लागला तर

ही पायरी प्रत्येक पुळीसाठी नाही. केसाची कमान त्वचेच्या वर आलेली दिसत असेल, तरच सुई हातात घ्या. त्वचेखाली नुसती काळी रेघ दिसत असेल तर अजून वेळ आहे, शेक चालू ठेवा. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा जखमेवर जाड, उंच व्रण, म्हणजे कीलॉइड, येण्याची तुमची प्रवृत्ती असेल, तर ही पायरी घरी करूच नका.

शेक दिल्यानंतर लगेच, त्वचा मऊ असताना करा. ती जागा साबण-पाण्यानं धुवा. टेकून बसा, आरसा आणि उजेड असा ठेवा की दोन्ही हात मोकळे राहतील. सुई त्वचेला जवळजवळ समांतर धरा आणि टोक केसाच्या कमानीखालून सरकवून केस अलगद वर उचला. आत गेलेलं टोक बाहेर आलं की काम झालं. रक्त येता कामा नये. दोन-तीन वेळा प्रयत्न करूनही सुटला नाही तर थांबा, शेक देऊन उद्या पाहा.

इथे सगळ्यांचा हात चिमट्याकडे जातो. केस सुटलाय, मग उपटूनच टाकू! तो उपटू नका. उपटलेल्या केसाच्या जागी नवा केस येतो तेव्हा वरची जखम भरून त्वचा बंद झालेली असते, आणि तो पुन्हा आत अडकतो. एकाच जागी वारंवार पुळी येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. सुटलेला केस तसाच राहू द्या. लांब वाटला तर काही दिवसांनी कात्रीनं त्वचेपासून २-३ मिलिमीटर वर कापा.

नंतर जागा पाण्यानं धुऊन टिपा आणि पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर लावा. सुई पुन्हा वापरायची नाही. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा आणि वर 'सुई आहे' असं लिहून घरातला घातक कचरा म्हणून वेगळी द्या. कचरा वेचणाऱ्या माणसाच्या हाताला ती टोचू नये.

५. पुळीत पू झाला तर

पिवळं तोंड दिसलं की पिळावंसं वाटतं. पिळल्यावर थोडा पू बाहेर येतो आणि बाकीचा खाली ढकलला जातो; लहान पुळीचं गळू होतं. शेक तसाच चालू ठेवा, पुळी आपोआप फुटली तर फुटू द्या. फुटल्यावर साबण-पाण्यानं धुवा आणि कोरड्या, स्वच्छ गॉजनं झाका.

बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू कमी करतं. दिवसातून एकदा, फक्त पुळीवर, पातळ थर लावा, ५ ते १० मिनिटांनी धुऊन टाका. जांघेच्या बाहेरच्या, केस उगवणाऱ्या त्वचेवरच लावायचं. योनीच्या आतल्या ओठांजवळ किंवा ओलसर भागावर अजिबात नाही, तिथे आग होते. कापडाचा रंगही यानं उडतो, म्हणून पांढरा टॉवेल वापरा. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालते, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. अँटिबायोटिक मलम किंवा गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

पुढील परिस्थितीत त्याच दिवशी दवाखाना गाठा: ताप किंवा थंडी वाजणं, पुळीभोवतीची लाली पसरत जाणं, लाल रेघ वर चढणं, १-२ सेंटिमीटरपेक्षा मोठी, गरम, ठणकणारी गाठ, चालताना-बसताना दुखणं. लाली पसरतेय का हे ओळखण्यासाठी तिच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा आणि काही तासांनी बघा. गळू झालं असेल तर डॉक्टर ते भूल देऊन कापून रिकामं करतात, आणि बहुधा लगेच बरं वाटतं. वरचेवर गळवं होत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेह असल्याचं कधी कधी अशा गळवांमुळेच पहिल्यांदा कळतं.

६. हे लावू नका

सर्वांत मोठा धोका मेडिकलच्या दुकानातल्या 'ऑल इन वन' क्रीमचा. खाज म्हटलं की काउंटरवरून एक ट्यूब पुढे येते, आणि तिच्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. दोन दिवसांत लाली उतरते, म्हणून विश्वास बसतो. पण जांघेतली त्वचा स्टेरॉइड जास्त शोषते. काही आठवड्यांत ती पातळ होते, कायमचे पांढरे चरे पडतात, आणि नायटा असेल तर तो दबून आतल्या आत पसरतो. भारतात हट्टी नायट्याचं प्रमाण वाढण्यात या क्रीमचा मोठा हात आहे, हे त्वचारोगतज्ज्ञ सतत सांगत आले आहेत. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन असं नाव दिसलं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नका.

लिंबू आणि खाण्याचा सोडा त्वचेचा नैसर्गिक आम्लधर्म बिघडवतात आणि कच्च्या त्वचेवर आग करतात. टूथपेस्टचंही तेच. फरशी पुसायला किंवा जखमेला वापरतात ते जंतुनाशक द्रावण पातळ न करता लावलं तर भाजल्यासारखी जखम होते. पातळ करूनही इथे त्याची गरज नाही. टी ट्री तेल थेट लावल्यावर अनेकांना अॅलर्जी येते. हळदीनं फारसं नुकसान होत नाही, पण कच्च्या त्वचेवर तिचा उपयोगही ठोस नाही. वजरी, अक्रोडाच्या सालीचा स्क्रब, कडक घोसाळ्याची जाळी ही टाचांसाठी ठेवा.

७. पुढच्या वेळी केस काढायचेच आहेत का, हे ठरवा

वैद्यकीय दृष्टीनं या भागातले केस काढण्याची गरज नसते. केस घर्षणापासून त्वचेचं रक्षण करतात. केस ठेवल्यानं अस्वच्छता होत नाही. रोज पाण्यानं धुणं पुरतं. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या तपासणीसाठी केस काढून जायची गरज नाही. प्रसूतीआधी सरसकट केस काढण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. तेव्हा लग्न, पोहण्याचा क्लास किंवा दुसऱ्या कोणाच्या अपेक्षेमुळे घाई करू नका. काढायचे असतील तर आपल्याला हवे म्हणून, आणि त्वचेला सोसेल त्या पद्धतीनं काढा.

ज्यांना वारंवार पुळ्या येतात त्यांच्यासाठी सर्वांत सुरक्षित पद्धत ट्रिमर. कंगवा, म्हणजे गार्ड, लावून केस २ ते ३ मिलिमीटर ठेवायचे. टोक त्वचेच्या वर राहिलं की आत वळण्याचा प्रश्नच फारसा उरत नाही. कोरड्या केसांवर वापरा, त्वचेवर दाबू नका, आणि या भागासाठी वेगळा ट्रिमर किंवा निदान वेगळं डोकं ठेवा. ट्रिमर नसेल तर बोथट टोकाची छोटी कात्री चालते. पोहण्याच्या पोशाखासाठी कडेचे केस लहान करणं एवढ्यानं सहज जमतं.

८. रेझरच वापरायचा असेल तर

1. लांब केस आधी कात्रीनं किंवा ट्रिमरनं कमी करा. लांब केसांत पातं अडकतं आणि ओढाताण होते.
2. कोमट पाण्याखाली ५ मिनिटं जाऊ द्या. भिजलेला केस मऊ होतो आणि कापलेलं टोक कमी टोचरं होतं. म्हणून अंघोळीच्या शेवटी करा, सुरुवातीला नाही.
3. बिनवासाची शेव्हिंग जेल लावून एक-दोन मिनिटं थांबा. अंगाचा साबण लवकर वाळतो आणि पातं घसरत नाही. बोअरच्या जड पाण्यात तर साबणाला फेसही धड येत नाही.
4. एका पात्याचा, धारदार रेझर घ्या.
5. केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं, छोट्या फटक्यांत फिरवा. दिशा कळत नसेल तर कोरड्या केसांवरून बोट फिरवून बघा. ज्या बाजूला ते गुळगुळीत बसतात ती दिशा. जांघेत दोन्ही बाजूंना ती वेगळी असू शकते.
6. त्वचा ताणू नका. ताणलेल्या त्वचेवर कापलेला केस, त्वचा सैल झाली की, पातळीखाली जातो.
7. प्रत्येक फटक्यानंतर पातं धुवा. एका जागेवरून एकदाच, फार तर दोनदा फिरवा.
8. गार पाण्यानं धुऊन टिपा. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा.

गुळगुळीतपणाचा अट्टहास सोडा. अगदी लागून केलेला रेझर म्हणजे आत वळणारे केस, हे जवळजवळ ठरलेलं असतं. हाताला बारीक खुंट लागत असतील तर ते चांगलं लक्षण आहे.

५ ते ७ वापरांनंतर पातं बदला, धार गेल्यासारखी वाटली तर त्याआधीच. ओल्या बाथरूमच्या कट्ट्यावर रेझर ठेवला की पात्याला गंज आणि जंतू दोन्ही लागतात. झटकून कोरड्या जागी ठेवा. बहीण असो की मैत्रीण, रेझर कोणाबरोबरही वाटून घेऊ नका. बारीक कापल्यातून हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतात.

९. वॅक्स आणि हेअर रिमूव्हल क्रीम

वॅक्सनंतर उगवणारा केस बारीक टोकाचा असतो, त्यामुळे काहींना त्रास कमी होतो. पण केस मधे तुटला तर त्रास उलट वाढतो, आणि तुटण्यामागे बहुतेक वेळा केस आखूड असणं किंवा ओढण्याची चूक असते. केस तांदळाच्या दाण्याएवढे, म्हणजे ५-६ मिलिमीटर हवेत. हातापायांचं साखरेचं किंवा मधाचं वॅक्स आणि पट्टी या भागासाठी चांगली नाही. पट्टीशिवाय निघणारं हार्ड वॅक्स त्वचेला कमी आणि केसाला जास्त चिकटतं. आधी मनगटावर गरमपणा तपासा. केसांच्या दिशेनं लावा, त्वचा ताणून धरा आणि उलट दिशेनं, त्वचेला समांतर, एका झटक्यात ओढा. वर, आकाशाकडे ओढलं की केस तुटतो आणि निळं पडतं. रेझरला त्वचा ताणायची नाही, वॅक्सला मात्र ताणायची, यात गोंधळ होऊ देऊ नका.

पार्लरमध्ये तीन गोष्टी पाहा: हातमोजे, नवा स्पॅट्युला, म्हणजे वॅक्स लावायची चपटी काडी, आणि एकदा त्वचेला लागलेला स्पॅट्युला पुन्हा वॅक्सच्या भांड्यात बुडवला जातोय का. बुडवत असतील तर उठून या. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतल्या असतील तर वॅक्स टाळा, त्वचेचा पापुद्रा निघू शकतो. त्या जागी रेटिनॉल किंवा अॅडापलीन असलेलं मुरुमांचं किंवा सुरकुत्यांचं मलम लावत असाल तरी हेच.

क्रीमनं केसाचं टोक बोथट राहतं, पण रसायन तीव्र असतं. पाकिटावर 'बिकिनी लाइनसाठी' असं लिहिलेलं असेल तरच, बाहेरच्या रेषेवरच आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त न ठेवता वापरा. २४ तास आधी छोट्या जागेवर लावून पाहा. घड्याळ लावा. आग व्हायला लागली की वेळ संपायची वाट न बघता धुऊन टाका. एपिलेटर, म्हणजे केस उपटणारं मशीन, केस सर्रास मधे तोडतो. पुळ्यांची सवय असलेल्यांनी या भागावर तो वापरू नये.

१०. मधल्या दिवसांतली निगा

केस काढल्यानंतरचे पहिले २४ तास: सैल सुती कपडे घाला; जिम, सायकल, पोहणं आणि शरीरसंबंध टाळा; पावडर, डिओ, वासाचं लोशन नको. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली पँटी घालू नका, इस्त्री फिरवून कोरडी करा. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये केसतोड आणि नायटा सोबतच वाढतात, कारण ओलसर कपडा दोघांनाही मदत करतो. घामानं भिजलेले कपडे घरी आल्याबरोबर बदला.

रेझरनंतर दोन दिवसांनी, वॅक्सनंतर तीन दिवसांनी मृत त्वचा काढायला सुरुवात करा. आठवड्यातून दोन-तीनदा, ओल्या मऊ कापडानं हलकं गोलाकार पुसणं पुरतं. किंवा सॅलिसिलिक वा लॅक्टिक अॅसिडचं लोशन रात्री लावा. दोन्ही एकदम नको. लोशन पहिल्यांदा हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहा, नंतर आठवड्यातून एकदा, मग दोनदा. कच्ची त्वचा, ओलसर भाग आणि आतले ओठ टाळायचे. गरोदरपणात सॅलिसिलिक अॅसिड डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, अॅडापलीन तर अजिबातच नको.

११. राहिलेले काळे डाग

आपल्या त्वचेत रंगद्रव्य जास्त, त्यामुळे पुळी बसली तरी डाग मागे राहतो. तो फिका व्हायला काही महिने लागतात. नव्या पुळ्या थांबल्याशिवाय डागांवर खर्च करू नका. त्यानंतर अॅझेलॅइक अॅसिड १० टक्के किंवा नायसिनामाइड ४-५ टक्के, दिवसातून एकदा, तीन महिने लावून पाहा. गोरेपणाच्या तिहेरी क्रीममध्ये हायड्रोक्विनोनसोबत स्टेरॉइड असतं. जांघेत ते नको. आणि जांघेचा भाग बाकी अंगापेक्षा सावळा असणं स्वाभाविक आहे, त्यावर इलाज करायचा नसतो.

१२. इतकं करूनही दर वेळी त्रास होत असेल तर लेझर

केसाचं मूळच निकामी झालं तर आत वळायला केस उरत नाही, म्हणून वारंवार त्रास होणाऱ्यांना लेझरचा खरा उपयोग होतो. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग हा लेझरचा प्रकार सर्वांत सुरक्षित मानला जातो. ८१० नॅनोमीटरच्या आसपासचा डायोड लेझरही जाणकार हातात चालतो. मशीन कुठलं आहे, तुमच्या वर्णासाठी कोणत्या सेटिंगवर चालवणार, आणि आधी छोट्या जागेवर चाचणी घेणार का, हे तीन प्रश्न त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. सहसा ४ ते ६ आठवड्यांच्या अंतरानं ६ ते ८ सेशन लागतात, नंतर अधूनमधून एखादं. केस खूप कमी होतात, शंभर टक्के जात नाहीत. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही. पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशाशी संबंधित हार्मोनचा विकार, असेल तर नवे केस येत राहू शकतात. गरोदरपणात हा उपचार पुढे ढकलतात.

लेझर मुळातलं रंगद्रव्य शोधतो, त्यामुळे आधीचे ४ ते ६ आठवडे वॅक्स, एपिलेटर, उपटणं बंद. सेशनच्या आदल्या दिवशी फक्त रेझर किंवा ट्रिमर. घरगुती आयपीएल मशीन, म्हणजे प्रकाशाच्या झोतानं केस कमी करणारं यंत्र, घेण्याआधी खोक्यावरचा त्वचेच्या रंगांचा तक्ता आपल्या जांघेच्या रंगाशी जुळवून पाहा, हाताच्या रंगाशी नाही. गडद रंगांसाठी अनेक मशीन वर्ज्य असतात आणि दुर्लक्ष केलं तर भाजतं. ठरलेल्या दिवशी पू धरलेली पुळी असेल तर ती बसेपर्यंत सेशनची तारीख पुढे घ्या.